रेघेच्या वर

१

सकाळी उठलं की माझं पहिलं काम टाकीत पाणी घालणं. चहासुद्धा त्यानंतर. खाऱ्या पाण्याची टाकी घरात असली की हे चुकत नाही. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालून भरपाई करायची. किती घालायचं ते कळावं म्हणून माझ्या नवऱ्यानं, इलायतियानं, काचेवर बाहेरून माझ्या लाल नखरंगाची रेघ ओढून दिली होती. रोज पाणी रेघेच्या खाली पेरभर गेलेलं असायचं, आणि रोज मी मगभर घालायचे.

टाकी दोन हात लांब, खिडकीखालच्या बाकावर. आत प्रवाळाचा एक जुना दगड, बुडबुडे सोडणारी हवेची नळी, आणि एकच मासा. बोटाएवढा. हिरवा म्हणावं तर निळा दिसतो, निळा म्हणावं तर हिरवा. मासे धरणारे त्यांना नुसतं 'हिरवे' म्हणतात. एक हिरवा असं आमच्याकडं कुणी बोलत नाही, कारण एक हिरवा कुणी कधी पाहिलेलाच नसतो. समुद्रात ते प्रवाळावर ढगासारखे उभे असतात, दोनशे, तीनशे, आणि सावली पडली की सगळे एकदम फांद्यांत उतरतात.

आमचा एकटा होता. दिवसभर डाव्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा.

चव्वेचाळिसाव्या दिवशी मी मग घेऊन गेले, तर पाणी रेघेला टेकलेलं होतं.

"तू भरलंस का रे?"

इलायतिया चटईवर उठून बसत होता. "लोसानाच्या आई, मी अजून माझं पोट भरलं नाही. टाकी कुठून भरू?"

हवा दमट असेल, म्हणून पाणी उडालं नसेल, असं मी मनाशी म्हटलं आणि मगातलं पाणी झाडाला घातलं.

२

दिवस मोजायचं कारण सांगते.

इलायतिया मासे धरणाऱ्यांच्या बोटीवर कामाला आहे. शोभेचे मासे. जाळीनं धरायचे, शेडमध्ये आणायचे, पिशव्यांत भरून विमानानं पाठवायचे. आम्ही शेडच्या मागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो. आमचं गाव याच बेटावर, बसनं तासाभरावर. त्या दिवशी तो आमच्या गावापुढच्याच प्रवाळात होता. पाण्याखाली होता तेव्हा काठावर लाकडी ढोल वाजला. त्याचे थोरले चुलते, गावचे मानकरी, गेले होते. पाण्याखाली ढोल ऐकू येत नाही. तो वर आला तेव्हा टोपलीत हिरव्यांचा आख्खा थवा होता.

मानकरी गेला की त्याच्या नावानं समुद्राचा एक तुकडा बंद होतो. शंभर रात्री. काठ्या रोवतात, त्यांना माडाची पानं बांधतात, मग त्या पाण्यात कुणी पाय घालायचा नाही, गळ टाकायचा नाही. त्याला ताम्बु म्हणतात. हा थवा ढोल वाजल्यानंतर धरलेला. इलायतियानं तिथंच बोटीवरून टोपली पालथी केली, सगळे सोडून दिले, डोक्याला पाणी लावलं. संध्याकाळी काठ्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाळी धुताना तिच्या घडीत एक हिरवा निघाला. जिवंत.

विकायचा तर तो चुलत्यांचा. परत न्यायचा तर ताम्बुच्या पाण्यात पाय घालावा लागणार. मारून टाकायचा, हे तर तोंडातूनही काढायचं नाही. इलायतियाच्या आजीला, बुबू केलेराला, विचारलं. म्हातारी म्हणाली, "ठेवा घरी. शंभराव्या दिवशी काठ्या निघतील तेव्हा ज्यानं आणला त्यानंच न्यावा. एवढंच करा, मरू देऊ नका."

एवढंच म्हणाली. पुढचं मी माझ्या मनानं जोडलं. आमची लोसाना सातव्या महिन्यात जन्मली, चोवीस दिवस इस्पितळात काचेच्या पेटीत होती. आता ती दोन वर्षांची झाली, तरी रात्री तिच्या नाकाखाली बोट धरल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. मी ठरवून टाकलं. हा जीव शंभर दिवस टिकला, तर माझी पोरगी टिकली. आणि नाही टिकला तर... मी मग घेऊन पुन्हा टाकीशी जायचे.

३

माझी नणंद मेरेवाई गावाहून यायची. आमच्यात नणंद-भावजयीनं एकमेकींची थट्टा करायचीच असते, नाही केली तर भांडण झालंय असं लोक समजतात. एकमेकींना आम्ही दाउवे म्हणतो.

"काय गं दाउवे, दार लावून जेवतेस? रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायला तोंड दुखतं?"

"तुला हाक मारली की पातेलं रिकामं होतं," मी म्हटलं.

ती हसून आत शिरली, कसाव्याचा तुकडा उचलला आणि टाकीसमोर बसली. "हा तो पाहुणा? अरेरे, बिचारा. खातो का?"

"दोन कण खातो. कोळंबी बारीक चिरून घालते."

"एकट्याला घास जातो होय कुणाला?" तिनं काचेवर टिचकी मारली. हिरवा हलला नाही. मग तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या लोसानाकडं गेलं. "आणि हिला कधी पाठवतेस? गावात सतरा पोरं आहेत हिच्या वयाची. चिखलात लोळतील, एकमेकांना चावतील, मोठी होतील."

"सर्दी झालीय तिथं सगळ्यांना."

"सर्दी गेल्या वर्षी होती."

"मग खोकला असेल."

मेरेवाईनं माझ्याकडं पाहिलं, पण थट्टा केली नाही. तेच मला लागलं. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "तुझी टाकी काठोकाठ भरतेस का गं? सांडेल हं."

मी वळून पाहिलं. पाणी रेघेच्या वर दोन बोटं होतं.

४

मी काही लगेच घाबरणाऱ्यातली नाही. म्हणजे आहे, पण आधी शोध घेते.

पहिला संशय लोसानावर. तिला त्या मगानं खेळायला आवडतं. मी मग उंच खुंटीवर टांगला. पाणी वाढलं. दुसरा इलायतियावर. मला बरं वाटावं म्हणून हा गुपचूप भरत असेल. मी टाकीवर पुठ्ठा ठेवून त्याच्या कडेवर चिकटपट्टी लावली, तीवर सही केली. इलायतिया दोन दिवस बोटीवरच होता. पाणी वाढलं. मग वाटलं, छपरातून गळत असेल. पण पाऊसच नव्हता. बाक कलला असेल म्हणून पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितली. बाक सरळ होता.

मग मला मिठाचं सुचलं. कुणीही, कुठूनही गोडं पाणी घातलं असेल तर टाकीतला खारेपणा उतरणार. शेडमधून खार मोजायची काचेची नळी आणली, पाण्यात सोडली. पहिल्या दिवशी जितकी बुडाली होती तितकीच बुडाली. केसभरही इकडं तिकडं नाही.

म्हणजे पाणी वाढलेलंच नव्हतं. पाणी तेवढंच होतं, फक्त वर आलेलं.

हे असं कधी होतं ते मला ठाऊक होतं. कुठल्याही आईला ठाऊक असतं. बादलीभर पाणी टबात ओतलं की वीतभर येतं, मग त्यात लेकराला बसवलं की दीड वीत होतं. पाणी तेच, लेकरू आत आलेलं.

मी टाकीत पुष्कळ वेळ पाहत राहिले. प्रवाळाचा दगड, हवेची नळी, आणि कोपऱ्यात बोटाएवढा हिरवा.

५

साठाव्या दिवशी पाणी काचेच्या काठावरून बाकावर आलं आणि जमिनीवर ठिबकायला लागलं.

इलायतिया घरीच होता. चुलत्यांच्या सुतकात त्याला दाढी करायची नव्हती, ती आता गळ्यापर्यंत आली होती. ती मुठीत धरून तो उभा राहिला. "उन्हानं पाणी फुगतं," तो म्हणाला.

"चार बोटं फुगतं?"

"बोलू नकोस जरा."

त्यानं नळी लावून दोन बादल्या खारं पाणी काढलं. पाणी रेघेच्या खूप खाली गेलं. आम्ही दोघं जेवायला बसलो, पण कुणी टाकीकडं पाठ केली नाही. भांडी घासून आले तेव्हा पाणी रेघेवर. दुपारी लोसानाला निजवून बाहेर आले तर परत काठाला.

तेव्हा मी पहिल्यांदा हिरव्याला कोपरा सोडताना पाहिलं. ऊन थेट खिडकीतून टाकीवर पडलं होतं. तो मध्यावर आला, पण अगदी मध्यात नाही. थोडा बाजूला. सभेत उशिरा आलेला माणूस काठावर जागा धरतो तसा. मग तो वळला. कशाला तरी वाट द्यावी तसा मागं सरला. पुन्हा पुढं झाला. पुन्हा वळला. घाई नव्हती, भीती नव्हती. आजूबाजूला दाटी असावी, आणि त्या दाटीची सवय असावी, तसा.

मी कोळंबीचे कण टाकले. चिमूटभर. ते पसरत खाली यायला लागले. हिरव्यानं दोन खाल्ले. बाकीचे तळाशी पोचलेच नाहीत. एक इथं गेला, एक तिथं, एक काचेजवळ. पाण्यात दिवे विझावेत तसे एकेक करून गेले.

माझ्या अंगावर काटा आला, ते खरं. पण त्याबरोबर आणखी एक झालं ते सांगायलाच हवं. मला वाटलं, आपण चप्पल घालून आत आलो आहोत. मी हळूच मागं झाले आणि जमिनीवर बसले. डोकं टाकीपेक्षा खाली राहील असं. मोठ्या माणसांपुढं आमच्याकडं असंच बसतात.

६

तीन दिवसांनी इलायतिया बोटीवरून लवकर आला. न जेवता पायरीवर बसला.

"आज गावासमोरून आलो," तो म्हणाला. "काठ्यांच्या बाहेरूनच. आत गेलो नाही."

"मग?"

"काचेच्या तळाची पेटी पाण्यावर धरून बघितलं. तो प्रवाळ दिसतो तिथून. मोठा, फांद्यांचा, ज्यावर ते असायचे."

मी त्याच्या शेजारी टेकले.

"उघडा आहे गं. एकसुद्धा नाही."

"लांबून दिसलं नसेल. पाणी गढूळ असेल."

"असेल," तो म्हणाला. आणि मग, आत टाकीकडं न बघता, "टाकी अजून काठोकाठ आहे?"

"आहे."

"बरं," तो म्हणाला. नवऱ्याला इतक्या हळू आवाजात बोलताना मी फक्त चर्चमध्ये ऐकलं होतं.

७

हे सगळं टाकीत होतं तोवर मी सोसलं.

एकदा जेवताना लोसाना तिच्या ताटलीसकट बाजूला सरकली. मला वाटलं मुंग्या असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकली. मग माझ्या गुडघ्याला ढकलून म्हणाली, "सरक."

"कुठं सरकू? एवढी चटई मोकळी पडलीय."

"सरक ना."

ती आता रडत नव्हती. माझी पोरगी दिवसाला दहादा किरकिरायची, पदराला, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या माझ्या सुलूच्या टोकाला धरून हिंडायची. ती आता दुपारी टाकीसमोर उभी राहायची, हात थोडे पसरून, आणि हिरवा वळला की वळायची. त्याच्या मागून नव्हे. त्याच्याबरोबर. मी तिला उचलून आत न्यायचे तर ती माझ्या खांद्यावरून मागं बघत राहायची आणि हसायची, ओळखीच्या माणसांना हसतात तसं.

ब्याऐंशीव्या दिवशी सकाळी मी तिला आंघोळ घातली. मागच्या दारी निळा टब आहे. त्यात रोजच्यासारख्या दोन बादल्या ओतल्या, कोपर बुडवून ऊब बघितली, तिला आत बसवलं.

पाणी काठावरून सांडलं. थोडं नाही, लोटाच आला. माझे पाय भिजले.

मी तिला उचललं. छातीशी धरलं. ती निथळत होती, थंड नव्हती, हसत होती. मी टबाकडं पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. लेकरू माझ्या हातात होतं आणि पाणी खाली गेलं नव्हतं.

  मग पाणी एका बोटानं उतरलं. थांबलं. आणखी एका बोटानं. थांबलं. कुणीतरी उठून बाहेर पडावं, त्यानं मागच्याला वाट द्यावी, मग त्यानं बाहेर पडावं, असं. पुष्कळ वेळ लागला. शेवटी दोन बादल्यांतलं सांडून राहिलेलं पाणी टबात वीतभर उरलं, सपाट, स्वच्छ, त्यात आभाळ दिसत होतं.

"गेले," लोसाना म्हणाली. आणि हात हलवला.

८

त्याच दिवशी मी तिला चादरीत गुंडाळून बसनं गावी गेले. बुबू केलेरा चटई विणत होती. तिच्या डोळ्यांवर पडदा आलाय, पण बोटं चुकत नाहीत.

"कोण? विलिमाइना? पोरगी आणलीस? आण, वास घेऊ दे." तिनं लोसानाच्या गालाशी नाक नेऊन लांब श्वास घेतला. "मासा कसा आहे?"

"चांगला आहे. जाड झालाय."

"मग रडतेस कशाला?"

मी सांगितलं. टाकीचं, कणांचं, टबाचं. टबाशी आले तेव्हा तिचे हात थांबले.

"एकटीलाच घालतेस आंघोळ?"

"हो. घरात दुसरं कोण आहे?"

 बाहेर पोरांचा गोंधळ चालला होता, कुणीतरी कुणाला नारळ फेकून मारत होतं. लोसाना माझ्या हातात ताठ होऊन ऐकत होती.

"बुबू, आजच नेऊन सोडला तर? मी नेते. पाप मला लागू दे."

"ताम्बु म्हणजे ताम्बु. अठरा दिवस राहिले. पोरीला इथं ठेवून जा."

"नाही." मी इतक्या जोरात म्हटलं की बाहेरची पोरं गप्प झाली. "ते तिला नेतील. ती त्यांना हात करते, बुबू."

"कोण?"

मी लोसानाला आणखी आवळलं.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली. "मग घेऊन जा. पण बसायला जागा ठेवत जा गं. उभं ठेवू नये कुणाला."

मी घरी आले आणि दोन खोल्यांतलं सगळं सामान भिंतीला लावलं. कपाट, पेटी, शिलाईचं यंत्र. मधली चटई मोकळी. का केलं, विचारू नका. इलायतियानं आल्यावर बघितलं आणि चप्पल बाहेर काढली.

टबात मी तिला पुन्हा बसवलं नाही. मगानं पाणी ओतायचे.

पंचाण्णवाव्या दिवशी, भर दुपारी, मी टाकीखाली बसले होते, लोसाना उभी होती. हिरवा वळला. आणि त्या क्षणी आख्खी टाकी वळली. कसं सांगू? पाण्यात कुणी नव्हतं, पण शेकडो अंगांनी एकदम कूस बदलावी तसा उजेड पलटला. हिरवा लखलखाट काचेतून बाहेर आला, भिंतीवर गेला, छतावर गेला, माझ्या लेकीच्या तोंडावरून गेला. एकदाच. तिनं डोळे मिटले नाहीत. मी पण नाही. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्या खोलीतून पळून जायचं माझ्या मनात होतं, आणि मी हात जोडले.

९

शंभराव्या दिवशी सकाळी भरती ओसरायच्या बेतात होती. आख्खं गाव काठावर. यांगोनाच्या मुळांचं पेय वाटून झालं, प्रार्थना झाली, माणसं काठ्या उपटायला पाण्यात उतरली.

आम्ही हिरव्याला झाकणाच्या बादलीत आणलं होतं. अर्धीच बादली भरलेली. ट्रकमधून उतरवताना इलायतियाला ती एकट्यानं उचलेना. त्याचा मामेभाऊ धावला. दोघांच्या मानेच्या शिरा ताठल्या.

"काय रे, बोटभर माशाला दोन बैल लागतात?" मेरेवाई ओरडली आणि बायका हसल्या.

"ये, तू लाव हात," मामेभाऊ म्हणाला. "बोलायलाच पुढं."

तिनं कडीला हात लावला. हसणं तिच्या तोंडावर तसंच राहिलं, पण तिनं हात काढून घेतला.

आम्ही आत गेलो. पाणी कमरेला. मी लोसानाला कमरेवर घेतलं होतं, आणि सुलूचं टोक तिच्यापासून माझ्यापर्यंत दोनदा गुंडाळून गाठ मारली होती. तिला कुणी माझ्याकडून काढायचं तर मलाही घेऊन जावं लागेल अशी.

इलायतियानं झाकण काढलं, बादली पाण्यात तिरकी धरली. हिरवा बाहेर आला नाही. तोंड आत करून, बाजूला होऊन उभा राहिला.

"जा ना," इलायतिया म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "हलकी होतेय," तो पुटपुटला. "थांबून थांबून हलकी होतेय."

कुणी सांगितलं नव्हतं, पण माणसं बाजूला व्हायला लागली. आधी मामेभाऊ. मग त्याच्या मागच्या दोघी. मग पुढचे. चालता चालता, बोलता बोलता, एकेक पाऊल डावीकडं, एकेक उजवीकडं, आणि बादलीपासून त्या मोठ्या प्रवाळापर्यंत गावाच्या मधोमध एक वाट पडली. वाऱ्याच्या बारीक लाटा सगळीकडं होत्या, त्या वाटेत नव्हत्या.  तान्ह्या पोरांनीसुद्धा आवाज केला नाही.

सगळ्यात शेवटी हिरवा निघाला. सावकाश. वाटेच्या कडेकडेनं, आपल्या जागेवरून.

मी प्रवाळाकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं, मग काहीतरी वळलं, आणि पाणी हिरवं झालं. शेकडो, दाट, एका जिवाचे. त्यांना मी ओळखलं. पण त्यांच्याबरोबर, त्यांच्या मागं, जे वळलं ते माशांचं नव्हतं. ते फार मोठं होतं आणि फार शांत. मी तेवढंच पाहिलं, आणि त्याहून जास्त पाहायला मिळालं असतं तरी मी पाहिलं नसतं.

लोसाना त्या वाटेकडं दोन्ही हात करून झुकली. पूर्ण जोरानं. सुलू माझ्या पोटात रुतली. मी तिला घट्ट धरलं, आणि धरल्याबरोबर वाट वळली. म्हणजे आमच्याकडं. बिनलाटांचं ते पाणी प्रवाळाकडून परत यायला लागलं, जराही घाई न करता, माणसांच्या मधून, माझ्या रोखानं.

तेव्हा मला कळलं. ते कुणाला न्यायला आलेच नव्हते. कुणी एकट्याला धरून बसलं की ते तिथं येतात. आणि मी जोवर तिला अशी धरून बसेन, तोवर ते माझ्या घरी येत राहणार, माझ्या चटईवर, माझ्या टबात, तिच्या शेजारी, ती माझी कमी आणि त्यांची जास्त होईपर्यंत.

गाठ भिजून घट्ट झाली होती. मी दातांनी सोडवली.

"मेरेवाई! दाउवे, घे हिला!"

"मी?"

"घे लवकर!"

लोसाना तिच्या हातात गेली. मी तिला हात लांब करून परक्या कडेवर कधी दिलं नव्हतं. मेरेवाईनं तिला एकदा उंच उडवलं, आणि पलीकडच्या काकीकडं दिलं, काकीनं तिच्या बहिणीकडं, तिनं एका थोरल्या पोरीकडं. बायकांच्या रांगेतून माझी लेक हातोहात काठाकडं गेली. आधी तिनं मान वळवून मला शोधलं. मग कुणीतरी तिच्या पोटाला गुदगुल्या केल्या. मग ती खिदळली, आणि पोरांच्या घोळक्यात ती कुठली ते मला ओळखू येईना.

लोक हळूहळू सुटले. काठ्या खांद्यावर टाकून, मोठ्यानं बोलत, जेवणाच्या दिशेनं. इलायतिया रिकामी बादली एका बोटावर झुलवत चालला होता. सगळे पुढं गेले.

माझे हात रिकामे होते. इतके रिकामे की कुठं ठेवावेत समजेना. मी त्यांना पाण्यावर पसरून ठेवलं. बिनलाटांचं ते पाणी आता माझ्यापर्यंत पोचलं होतं.

"चल गं, जेवण निवतंय!" मेरेवाईनं काठावरून हाक मारली. "एकटी काय उभी राहिलीस?"

ओहोटी लागली होती. समोर चालणाऱ्यांच्या कमरेचं पाणी मांड्यांवर आलं, मांड्यांचं गुडघ्यांवर. माझं छातीपर्यंत चढलं होतं, कोमट, आणि माझ्या दोन्ही बाजूंनी टेकून उभं होतं.